काकूंच्या नाकापासून वीतभर

भाड्यानं खोल्या बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात याचा मला तोवर चांगलाच सराव झाला होता. माणसं किती, मटण-मासे चालतात का, पाहुण्यांचा राबता आहे का, पाणी किती लागतं. विरारजवळच्या बोळिंजहून राजोडीकडे जाताना डाव्या हाताला एक केळीची वाडी होती आणि वाडीत एक कौलारू घर होतं. तिथल्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते एका जीपच्या सांगाड्याखालून उताणे सरकत बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणाले, "तुमचं नाक कसं आहे?"

मी कऱ्हाडची. माझ्या नाकाची चर्चा लग्न ठरताना एकदा झाली होती, पण ती दिसण्याबद्दल. मी गोंधळून म्हटलं, "बरं आहे."

"सर्दी?"

"पावसाळ्यात होते."

"पावसाळ्यात माझं काम बंदच असतं. या राहायला."

परत जाताना नवरा म्हणाला, "माणूस जरा सटक दिसतोय." मी म्हटलं, "असेना, खिडक्या मोठ्या आहेत." आणि नव्वदच्या दशकातली ती वर्षं आम्ही त्या मोठ्या खिडक्यांतून सरांचा कारभार बघत काढली.

त्यांना सगळे सरच म्हणत. माणिकपूरच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे वसईपासून विरारपर्यंत कुठलाही रिक्षावाला किंवा डॉक्टर त्यांना बघितलं की नकळत सरळ उभा राहायचा. उत्तरपत्रिकेच्या समासात ते लाल शाईनं एकच शब्द लिहीत, 'कारण?' निवृत्त झाल्यावर उत्तरपत्रिका गेल्या, शब्द राहिला. मी म्हणायची, "सर, आज फार उकडतंय." ते म्हणायचे, "कारण?" माझ्या सासूबाई आठवडाभर राहायला आल्या होत्या, त्यांनी या प्रश्नाची इतकी धास्ती घेतली की त्या मागच्या दारानं ये-जा करायला लागल्या.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अगदी उलट. ठेंगण्या, लाल लुगडं नेसणाऱ्या, पहाटे मोगरा खुडणाऱ्या आणि दिवसाकाठी मोजकं बोलणाऱ्या. इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांची घरातली बोली निराळी असते. दोघं आपसात तिच्यात बोलत, माझ्याशी मराठीत. पहिलं वर्षभर त्या बोलीतला मला फक्त राग कळायचा, आणि तोही बहुतेक काकूंचाच असायचा.

काकूंना पेट्रोलचा वास सोसत नसे. गाडी लागणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यांना निदान गाडी चालू व्हावी लागते. काकूंना उभी गाडी लागायची. रिक्षा फाटकाशी थांबली तरी त्या पदर नाकाला लावून केळींच्या मागे जात. आगगाडी चालायची, कारण ती विजेवरची. एरवी विरारला टांगे होते तोवर त्यांचं निभावलं. मग टांगे कमी होत गेले, रिक्षा वाढल्या आणि काकूंचं जग पायी जाण्याइतकं उरलं. चर्च, बाजार, वाडी.

पण त्यांची थोरली बहीण त्या जगाबाहेर होती. ती धर्मभगिनी, जव्हारकडच्या डोंगरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये. तिकडे रेल्वे नाही. काकू एकदा एसटीनं निघाल्या होत्या, मनोरला उतरल्या आणि तिथल्या स्टँडवर दिवसभर बसून परत आल्या. त्यानंतर कुणाची चांगली नवी मोटार आणून बघितली, तर काकू विरार फाट्याच्याही अलीकडे उतरून चालत घरी आल्या. बहीण आता थकली होती, तिला डोंगर उतरवत नव्हता. तिच्या व्रतांना पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती आणि तेव्हा तिथं मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, होणार होती. आम्ही राहायला येण्याच्या आधी एका संध्याकाळी काकू सरांना एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी मला तिच्याजवळ बसायचं हाय."

सर म्हणाले, "ठीक."

पुढच्या आठवड्यात दोन बैल एक जुनी पेट्रोलची जीप ओढत वाडीत घेऊन आले. सरांनी ती एका मिठागरवाल्याकडून उचलली होती. त्यांचं म्हणणं असं, की काकूंच्या नाकाला दोष देणं हे अवैज्ञानिक आहे. दोष गाड्यांचा आहे. पेट्रोल नळीत राहिलं पाहिजे, बाहेर त्याचा सुगावासुद्धा लागता कामा नये. तसं होत नाही, कारण नळी टाकणारा माणूस घाईत असतो.

आपण घाईत नाही, हे मात्र सरांनी पुरेपूर सिद्ध केलं.

त्या जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच होती. सरांनी ती काढली आणि गाडीच्या अगदी शेपटाला, पत्र्याच्या आडोशामागे नेऊन बसवली. इंजिन पुढे, टाकी मागे. आता मागून पुढे पेट्रोल आणायचं तर नळी सबंध गाडीखालून यायला हवी, आणि ती कुठून आणायची या एका प्रश्नावर त्यांनी इतका काळ घालवला की कोंबड्या त्या सांगाड्यात अंडी घालायला लागल्या. गावात गाडीचं नाव बायबलातल्या जलप्रलयावरून 'नोहाचं तारू' पडलं. सरांना ते आवडलं. म्हणाले, "ते तारू वेळेत झालं होतं, हे लक्षात ठेवा."

त्यांचे तीन नियम होते. पेट्रोलची नळी गरम वस्तूपासून, हलत्या वस्तूपासून आणि धारदार वस्तूपासून वीतभर लांब हवी. गरम वस्तूनं पेट्रोल नळीतच उकळतं, हलतीनं नळी घासते, धारदार वस्तूनं कापते. हे नियम गाडीपुरते राहिले असते तर प्रश्न नव्हता. नाताळात चर्चमध्ये येशूजन्माचा गोठा सजवताना पोरांनी दिव्यांची वायर मेणबत्त्यांवरून नेली, तर सर मिस्सा चालू असताना उठले आणि वायर वीतभर सरकवून मग गुडघे टेकले. फादर त्यांचेच विद्यार्थी, ते काय बोलणार! माझं आणि नवऱ्याचं एकदा सकाळी वाजलं. भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "ते सकाळी गरम असतात. वीतभर लांब राहा." मी म्हटलं, "आणि सर, मी?"  मग काकूंचा आवाज, "तू धारदार हाय, बाय." आमचं भांडण तिथंच मिटलं.

धातूला हात लावण्याआधी सगळं सुतळीनं करून बघायचं, ही त्यांची आणखी एक खोड. नळी जिथून जाईल असं वाटे तिथून ते सुतळी बांधत, मग स्टूल टाकून तासभर सुतळीकडे बघत बसत. दर रविवारी सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात असे. नवरा बाजारातून पिशव्या घेऊन येई तेव्हा मी जीपखाली आणि भात गॅसवर, असं कितीदा तरी झालं आहे.

अडचण अशी होती. उजव्या बाजूनं सायलेन्सरचा पाइप जात होता, म्हणजे तिथं गरम. मधून चाकं फिरवणारा दांडा, म्हणजे हलतं. राहिली डावी बाजू. तिथं काही गरम नव्हतं, हलतं नव्हतं, धारदारही नव्हतं. पण डावीकडे, बरोबर वर, काकूंची सीट. जेवणाच्या टेबलाची वेताची खुर्ची, पाय कापून पक्की बसवलेली. काकूंना मागे बसवून चालणार नव्हतं, घाटात मागे जास्त गदगदतं. सर महिनोन् महिने त्या तीन सुतळ्यांकडे बघत होते. माणिकपूरचा एक गॅरेजवाला सहज आला होता, तो म्हणाला, "सर, डावीकडून घ्या ना सरळ. सगळे घेतात." सर म्हणाले, "सगळ्यांची बायको वासापायी घरी बसलेली नाही."

एका सकाळी ते माझ्या खिडकीशी आले. दाढीचा साबण तोंडाला तसाच. "नळी गळत नाही," ते म्हणाले, "जोड गळतो! अखंड नळी घ्यायची. जोड एक टाकीपाशी, एक इंजिनापाशी. काकूंच्या खाली जोडच नाही. मग वास येणार कुठून?"

मी म्हटलं, "कारण?"

इतकं खूष झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मुंबईहून तांब्याच्या नळीचं वेटोळं आलं. ती वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू भरावी लागते. वाळूला तोटा नव्हता, राजोडीचा किनारा जवळ. पण ती समुद्राची, खारट. म्हणून सरांनी ती विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुतली आणि आमच्या अंगणात माझ्या पापडांशेजारी वाळत घातली. त्या वर्षीचे पापड आम्ही दात जपून खाल्ले. मग वाळू भरलेली नळी आंब्याच्या बुंध्याभोवती हळूहळू वळवत, सुतळीच्या मापानं, त्यांनी तिला आकार दिला. वाळू झटकून काढली, सायकलच्या पंपानं हवा मारली, तरी पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा ती बोळिंजच्या नाक्यावर बंद पडली. एखादा कण राहिलाच होता. नाक्यावर ही गर्दी. सर शांतपणे म्हणाले, "राजोडी अजून संपलेली नाही," आणि पंप काढला.

मला दिवस गेले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सरांना झाला. सरांचं स्वतःचं नाक इतका काळ पेट्रोलमध्ये बुडून पार निवृत्त झालं होतं. त्यांना फणस पिकलेला कळत नसे. आणि काकूंवर प्रयोग करायला ते तयार नव्हते, कारण एकदा मळमळलं की त्या पुन्हा बसणार नाहीत अशी त्यांना भीती होती. माझं नाक मात्र त्या महिन्यांत असं तिखट झालं होतं की शेजारच्या वाडीतली फोडणी मला कळायची. सरांनी मला सन्मानानं वेताच्या खुर्चीत बसवलं. इंजिन चालू केलं. मी डोळे मिटून बसले आणि म्हटलं, "येतोय. मागून येतोय."

सुतळ्या पुन्हा बाहेर आल्या. शेवटी सापडलं ते असं, की टाकीला श्वास घ्यायला एक बारीकशी नळी असते, तिचं तोंड गाडीच्या आतच उघडत होतं. सरांनी ते मागे बाहेर, बंपरच्या खाली नेलं. नंतर मी खूप हुंगलं. वासाचं नाव नव्हतं. सरांनी मुलीच्या बारशाला चांदीची वाटी दिली आणि सगळ्यांना सांगितलं की ही मुलगी जन्माआधीच माझ्या प्रकल्पात सहभागी होती.

बहिणीच्या व्रतांच्या पन्नाशीचा दिवस नाताळनंतरचा. आदल्या दिवशी काकूंनी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, केळीच्या वाळक्या पानांत बांधली. बहिणीला ती लहानपणापासून प्रिय. सरांनी स्वतःचा लग्नातला लोकरीचा कोट लाँड्रीतून धुऊन आणला. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाय, तू येशील तर मी जाईन. मी थांबवा म्हटलं तर हे आधी कारण विचारतील." मी मुलीला नवऱ्याच्या हवाली केलं आणि पहाटे मागच्या बाकावर जाऊन बसले.

थंडी होती म्हणून बाजूचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडले होते. काकू वेताच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसल्या. सर कोट घालून, ताठ. गाडी छान चालली होती. विरार फाटा मागे पडला, ज्याच्या अलीकडूनच काकू एकदा चालत घरी परतल्या होत्या. सरांनी माझ्याकडे आरशातून बघितलं. मी हसले.

पण मला वास येत होता. पेट्रोलचा, स्पष्ट.

 वाटलं, पुढे ट्रक आहेत, त्यांचा असेल. काकूंचे ओठ हलायचे थांबले होते आणि माळ मुठीत घट्ट धरलेली होती. त्यांच्या मानेवर त्या थंडीत घाम दिसत होता. त्यांनाही येत होता आणि त्याही गप्प होत्या. सरांनी ती गाडी कशी केली हे आम्हां दोघींइतकं कुणाला माहीत होतं? मनोरला स्टँड दिसला तेव्हा काकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो, थांबवा."

सरांनी कारण विचारलं नाही.

काकू उतरून स्टँडच्या कट्ट्यावर, झाडाखाली बसल्या. सरांनी कोट काढून स्वतःच्या सीटवर ठेवला, वर्तमानपत्र पसरलं आणि गाडीखाली गेले. मागचा जोड, पुढचा जोड, बंपरखालचं तोंड, सगळं बोटानं पुसून बघितलं. कोरडं. ते बोट माझ्या नाकासमोर धरत, मी हुंगून मान हलवी. काही नाही. मी गाडीत बसून बघितलं. वास. ते पुन्हा खाली गेले. पुन्हा कोरडं. मिस्सेची वेळ तर जवळ येत होती.

शेवटी ते बाहेर आले आणि गाडीच्या पायरीवर बसले. शर्टाला माती, हात काळे. ते कुडकुडत होते. "परत जाऊ या," ते म्हणाले. "मला कारण सापडत नाही." सरांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

काकू कट्ट्यावरून उठल्या. पदर नाकाला लावून गाडीपाशी आल्या, दार उघडलं आणि सरांच्या अंगावर घालायला तो कोट उचलला. अर्धवट उचलला आणि थांबल्या. पदर काढला. कोट नाकाशी नेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यो कोट कसा धुतला?"

"लाँड्रीत दिला होता. लोकरीचा आहे, पाण्यात घालत नाहीत. पेट्रोल वॉश..."

तिथंच ते थांबले. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. मग काकू अशा हसायला लागल्या की स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले. हसता हसता त्या पायरीवर सरांशेजारी बसल्या. "गाडीला वास नाय," त्या म्हणाल्या, "तुम्हाला हाय! तुम्हाला!"

सर बराच वेळ कोटाकडे बघत होते. मग गंभीरपणे मला म्हणाले, "नियमांत कोट नव्हता."

खिशातून सुतळी निघाली, सरांच्या खिशात ती कायमच असायची. कोट टपावरच्या कॅरियरला बांधला, पडदे वर केले आणि आम्ही निघालो. विक्रमगड गेलं, घाटाची वळणं आली. काकू पुढे वाकून रस्ता बघत होत्या. एका वळणावर त्यांनी मागे हात करून माझ्या हातावर थोपटलं. आता बरं हाय, एवढाच त्याचा अर्थ.

मिस्सा सुरू झालेली होती. काकू मधल्या वाटेनं सरळ पुढे गेल्या आणि बहिणीशेजारी जाऊन बसल्या. त्या वृद्ध सिस्टरनं वळून बघितलं, तिला क्षणभर खरंच वाटेना. मग तिनं प्रार्थना न थांबवता काकूंचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दुपारी सगळ्यांचा फोटो काढला. त्यात सगळे पुरुष कोटात आणि सर मातीनं भरलेल्या शर्टात आहेत, आणि सगळ्यांत टेचात तेच उभे आहेत. बहिणीनं सुकेळी कुणाला दिली नाहीत. मी मागितली तेव्हा एक मिळालं, अर्धं.

निघायला संध्याकाळ झाली. घाट उतरताना गार वारं सुटलं. काकू खांदे आवळून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "थांबवा. तो कोट द्या."

"वास असेल अजून," सर म्हणाले.

"द्या."

सरांनी उतरून गाठ सोडली. काकूंनी कोट अंगाभोवती घेतला, कॉलर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. वास होता. मला मागे बसून येत होता. मी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते, सर एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा त्यांच्यावर ठेवून. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काकूंची मान हळूहळू कलली आणि गाल त्या लोकरीवर टेकला.

"येतोय का वास?" सरांनी मला हलक्या आवाजात विचारलं.

"येतोय."

"मग ह्यांना...?"

"झोपल्यात, सर."

सरांनी गाडी आणखी हळू केली.  मग म्हणाले, "म्हणजे ती नळी मी एवढी उगाच फिरवली." पण वाईट वाटल्याचा सूर नव्हता. मी म्हटलं, "कारण?"  ते तसेच काकूंकडे बघत राहिले.

"पुढं बघून चालवा," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, आणि कॉलर आणखी वर, नाकापर्यंत ओढून घेतली.